विश्लेषण : बाटलीवरचा दर्जा की ग्लासातील चव? बोर्दोची ‘वर्गीकृत’ रेड वाइन पारखायची कशी?

फ्रान्समधील बोर्दो परिसरातील ६१ रेड वाइन उत्पादकांना आपल्या लेबलवर १८५५ मधील एका यादीचा उल्लेख करता येतो. त्या एका उल्लेखामुळे बाटलीची किंमत काही हजार रुपयांपासून लाखाच्या घरात जाऊ शकते. मात्र ही यादी चव पाहून तयार झालेली नाही. तिचा आधार होता त्या काळचा बाजारभाव. मग अशी वाइन ग्लासात आल्यावर नेमके काय पाहायचे, काय हुंगायचे आणि लेबलवर कितपत विश्वास ठेवायचा, याविषयी...

१८५५ ची यादी कशी तयार झाली?

पॅरिसमध्ये १८५५ साली जागतिक प्रदर्शन भरले. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत भरलेल्या या प्रदर्शनात फ्रान्सची उत्तमोत्तम उत्पादने मांडली जाणार होती. त्यासाठी बोर्दोच्या चेंबर ऑफ कॉमर्सने शहरातील वाइन दलालांच्या संघटनेकडे चांगल्या वाइनची यादी मागितली. दलालांनी दोन आठवड्यांच्या आत, १८ एप्रिल १८५५ रोजी ती सुपूर्द केली. एवढ्या कमी वेळात नव्याने चाखणी वगैरे करण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे बाजार समितीतील आडत्याला कोणत्या गावच्या मालाला काय भाव मिळतो हे तोंडपाठ असते. तसेच या दलालांकडे वर्षानुवर्षांच्या सौद्यांची माहिती होती. तिच्या आधारे त्यांनी पाच वर्ग पाडले. त्या वेळी ९०० लिटरच्या मापाला पहिल्या वर्गातील वाइन सुमारे तीन हजार फ्रँक मिळवत असे, तर पाचव्या वर्गातील वाइन १,४०० ते १,६०० फ्रँक.

थोडक्यात, ‘पहिला वर्ग’ याचा मूळ अर्थ ‘सर्वात महाग विकली जाणारी वाइन’ असा होता. सातत्याने जास्त भाव मिळतो म्हणजे माल चांगला असणार, हे दलालांचे गृहीतक. ते अगदीच चुकीचे नव्हते. पण एका हंगामाच्या प्रदर्शनासाठी केलेली ही यादी पुढे कायमची होऊन बसली.

यादीत कोण आहे आणि ती बदलत का नाही?

आज या यादीत रेड वाइनचे ६१ उत्पादक आहेत. पहिल्या वर्गात पाच, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात प्रत्येकी १४, चौथ्यात १० आणि पाचव्यात १८. यातील ६० उत्पादक बोर्दो शहराच्या उत्तरेकडील मेदॉक पट्ट्यातील आहेत. शातो ओ-ब्रियाँ हा एकटाच दक्षिणेकडील ग्राव्ह भागातील. पहिल्या वर्गातील इतर नावे म्हणजे लाफित रॉथशिल्ड, मार्गो, मुटॉन रॉथशिल्ड आणि लातूर. या शेवटच्या नावाचा आपल्या लातूरशी काहीही संबंध नाही. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ ‘मनोरा’ असा होतो. ‘शातो’ म्हणजे किल्ला किंवा वाडा. प्रत्यक्षात मात्र द्राक्षबाग, तळघर आणि वाइन बनवण्याची जागा या सगळ्याला मिळून शातो म्हटले जाते.

पावणेदोनशे वर्षांत या यादीत मोठा म्हणावा असा एकच बदल झाला. मुटॉन रॉथशिल्डला १९७३ मध्ये दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात बढती मिळाली. त्यासाठी मालक बॅरन फिलिप द रॉथशिल्ड यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला होता. त्या वेळचे कृषिमंत्री आणि पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झालेले जाक शिराक यांनी या बढतीवर शिक्कामोर्तब केले. त्याआधी १८५५ मध्येच शातो कांतमेर्ल हे नाव मागाहून जोडले गेले होते. एरवी यादी जैसे थे आहे.

यातील मेख अशी की, दर्जा शातोच्या नावाला आहे, ठरावीक गट क्रमांकाच्या जमिनीला नाही. एखाद्या शातोने त्याच गावाच्या वाइन हद्दीतील शेजारची बाग विकत घेतली, तर तिच्या द्राक्षांनाही जुना दर्जा लागू होऊ शकतो. मालक बदलले, बागा वाढल्या, वाइन बनवण्याची पद्धत बदलली, तरी वर्ग तोच राहिला. बाजाराने मात्र आपले स्वतंत्र वर्गीकरण केव्हाच करून टाकले आहे. तिसऱ्या वर्गातील शातो पामर दुसऱ्या वर्गातील बहुतेक वाइनपेक्षा महाग विकली जाते. पाचव्या वर्गातील लिंश-बाज दुसऱ्या वर्गाच्या पंक्तीला बसवली जाते.

लेबलवरील कोणते शब्द फसवे ठरू शकतात?

१८५५ च्या यादीतील वाइनवर ‘ग्राँ क्रू क्लासे आँ १८५५’ अशा अर्थाचा उल्लेख असतो. यातला ‘क्लासे’ म्हणजेच वर्गीकृत हा शब्द महत्त्वाचा. जिरोंद खाडीच्या उजव्या बाजूकडील सां-तेमिलियाँ या भागात वेगळी व्यवस्था आहे. तेथील वर्गीकरण १९५५ मध्ये सुरू झाले आणि साधारण दर दहा वर्षांनी त्याचा फेरआढावा घेतला जातो. मात्र त्याच भागात नुसते ‘ग्राँ क्रू’ लिहिलेल्या शेकडो बाटल्या मिळतात. तिथे तो शब्द केवळ वाइनच्या प्रकाराचा आहे, वर्गीकरणाचा नाही. ‘बोर्दो सुपेरियर’ या शब्दांवरूनही कोणतेही वर्गीकरण सूचित होत नाही.

फेरआढाव्याची व्यवस्थाही वादातीत नाही. सां-तेमिलियाँमधील सर्वोच्च श्रेणीतील शेव्हल ब्लाँ आणि ओझोन यांनी २०२१ मध्ये, तर आंजेलुसने २०२२ मध्ये वर्गीकरणातून अंग काढून घेतले. दुसरीकडे पोमरॉल या भागात कोणतेही वर्गीकरण नाही. तरीही तेथील पेत्र्युस ही जगातील सर्वात महागड्या रेड वाइनपैकी एक आहे. दर्जाचा शिक्का आणि वाइनची ख्याती यांचा संबंध किती सैल आहे, हे यावरून दिसते.

बोर्दोची रेड वाइन वेगळी का मानली जाते?

याचे पहिले कारण मिश्रण. बोर्दोची रेड वाइन सहसा एकाच जातीच्या द्राक्षांची नसते. कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, कॅबर्ने फ्राँ आणि थोडी पती व्हर्दो अशा जाती वेगवेगळ्या आंबवून नंतर एकत्र केल्या जातात. कॅबर्ने सोव्हिन्यों वाइनला कणा देते, मर्लो गर आणि मऊपणा देते, तर कॅबर्ने फ्राँ सुगंध देते.

दुसरे कारण जमीन. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंद ही खाडी तयार होते. तिच्या डाव्या तीरावरील मेदॉकमध्ये नदीने वाहून आणलेल्या गोट्यांचे थर आहेत. हा पट्टा पूर्वी दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून तेथील पाण्याचा निचरा केला. गोट्यांतून पाणी चटकन झिरपते आणि दिवसाची ऊब टिकून राहते. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्योंला हेच मानवते. उजव्या तीरावर चिकणमाती आणि चुनखडी जास्त, म्हणून तिथे मर्लोचे राज्य आहे.

तिसरे कारण लाकूड. वर्गीकृत वाइन साधारण दीड ते दोन वर्षे २२५ लिटरच्या ओक पिंपांमध्ये मुरते. ओकमधून व्हॅनिलाचा आणि लवंगेचा वास देणारी संयुगे वाइनमध्ये उतरतात. शिवाय लाकडातून अगदी थोडी हवा मिळत राहिल्याने वाइनचा कडकपणा हळूहळू कमी होतो.

चाखण्यापूर्वी काय तयारी लागते?

सर्वात जास्त घोळ तापमानाचा होतो. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातील जुन्या, थंडगार घरांसाठी होता. मुंबईतील ३० अंशांच्या खोलीला तो लागू पडत नाही. बोर्दोच्या रेड वाइनला १६ ते १८ अंश सेल्सियस योग्य. त्याहून गरम वाइनमध्ये अल्कोहोलचा भपका पुढे येतो आणि बाकीचे वास दबतात. फार थंड वाइनचा सुगंध मिटतो आणि तुरटपणा बोचू लागतो. त्यामुळे आपल्याकडे बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून मग उघडणे सोयीचे.

ग्लास पातळ काचेचा, पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा. तो एक तृतीयांशच भरावा. वरच्या रिकाम्या जागेत सुगंध साठतो. जवळपास उदबत्ती, अत्तर किंवा फोडणीचा वास नको. तरुण वाइन रुंद भांड्यात ओतून तास-दोन तास हवेशी राहू दिली तर ती खुलते. जुन्या वाइनमध्ये तळाला गाळ साचतो. ती बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवून नंतर अलगद ओतावी. फार जुनी वाइन मात्र जास्त वेळ हवेत ठेवू नये, तिचा नाजूक सुगंध उडून जातो.

डोळ्यांना काय दिसते?

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की वाइनची कड दिसते. तरुण वाइनची कड जांभळट असते. वय वाढते तशी ती माणकासारखी लाल, मग विटकरी आणि शेवटी तपकिरी होते. द्राक्षाच्या सालीतील रंगद्रव्ये आणि टॅनिन यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात. काही गाळ बनून खाली बसतात. म्हणून वयाबरोबर रंग फिका होतो.

ग्लास फिरवल्यावर आतल्या बाजूने ओघळणाऱ्या थेंबांकडे बोट दाखवून ‘वाइन उंची आहे’ असे सांगणारे बरेच भेटतात. त्यात तथ्य नाही. अल्कोहोलचे बाष्पीभवन पाण्यापेक्षा लवकर होते. त्यामुळे ग्लासच्या भिंतीवरील थरात पृष्ठताण वाढतो, तो खालून द्रव वर ओढतो आणि जड झालेले थेंब खाली ओघळतात. या थेंबांवरून फार तर अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही.

नाकाला काय कळते?

पहिला वास ग्लास न हलवता घ्यायचा आणि दुसरा फिरवल्यानंतर. पहिल्या वासात दोष चटकन पकडता येतात. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद गोदामाचा कुबट वास आला, तर बुचातून आलेल्या टीसीए या संयुगाने वाइन बिघडलेली असते. प्रतिलिटर काही नॅनोग्रॅम एवढे प्रमाणही त्यासाठी पुरते. अशी वाइन आरोग्याला अपायकारक नसते, पण तिचा मूळ सुगंध मेलेला असतो. पहिल्या वर्गातील बाटलीही याला अपवाद नाही.

निर्दोष तरुण मेदॉकमध्ये काळ्या रंगाच्या रसदार फळांचा वास अपेक्षित असतो. तज्ज्ञ त्याला ब्लॅककरंट म्हणतात. हे फळ आपल्याकडे फारसे मिळत नाही. त्यामुळे पुस्तकातील शब्द पाठ करण्यापेक्षा आपल्या ओळखीच्या वासांच्या आधारे वर्णन करणे अधिक प्रामाणिक ठरते. पिकलेले जांभूळ, करवंद, आलुबुखार, टोक केलेली पेन्सिल, देवदाराचे लाकूड, लवंग असे शब्द त्यासाठी चालतात. द्राक्षे पुरेशी पिकली नसतील तर ढोबळी मिरचीचा वास येतो आणि ही उपमा नुसती कल्पना नाही. ढोबळी मिरचीतील आणि कॅबर्नेतील हा वास पायरझिन गटातील एकाच संयुगामुळे येतो.

वाइन मुरल्यावर फळांचे वास मागे सरतात. त्यांच्या जागी तंबाखू, चामडे, अळंबी, ओली माती आणि वाळलेली पाने यांचे वास येतात. वर्गीकृत वाइनसाठी दहा-वीस वर्षे थांबणारे लोक थांबतात ते या बदलासाठी.

तोंडात नेमके काय घडते?

छोटा घोट घेऊन तो तोंडभर फिरवायचा आणि ओठांतून थोडी हवा आत ओढायची. त्यामुळे सुगंध घशामागून नाकात जातो. ज्याला आपण चव म्हणतो, त्यातील मोठा भाग हा मागच्या दाराने आलेला वासच असतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागते ते याच कारणाने.

यानंतर तीन गोष्टी तपासायच्या. पहिली आम्लता. तोंडाला पाणी सुटते का? दुसरी टॅनिनची घडण. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गालांच्या आतली बाजू आखडल्यासारखी होते. इंग्रजी पुस्तकांना हे समजावण्यासाठी परिच्छेद खर्ची घालावे लागतात. मराठीत ‘तुरट’ हा एक शब्द पुरतो. आवळा, जांभूळ, कच्ची सुपारी आणि बिनदुधाचा कडक चहा यांमुळे ही संवेदना लहानपणापासून ओळखीची असते. आयुर्वेदाने तुरट हा सहा रसांपैकी एक मानला आहे. आधुनिक शरीरविज्ञान त्याला चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचे मानते.

नुसता तुरटपणा किती, हे मोजून भागत नाही. तो कसा आहे, हे पाहावे लागते. हलक्या वाइनमध्ये तो कच्च्या केळ्यासारखा जिभेवर किटण चढवतो. चांगल्या मेदॉकमध्ये तो भरपूर असूनही मखमलीसारखा लागतो. प्रथिने आणि चरबी यांनी तुरटपणा सौम्य होतो, म्हणून पोइयाक गावात तेथील प्रसिद्ध कोकराच्या मांसासोबत ही वाइन प्यायली जाते. झणझणीत रश्शाबरोबर मात्र अल्कोहोल आणि टॅनिन तिखटाची आग आणखी वाढवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे लांबी. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते? फ्रेंच चाखणाऱ्यांकडे यासाठी ‘कोदाली’ हे एककच आहे. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. साधी वाइन काही सेकंदांत संपते. उत्तम वाइन बराच वेळ रेंगाळते आणि रेंगाळताना तिची चव बदलत जाते. एकाच घोटात अनेक चवी, त्यातील कोणतीही दुसरीवर कुरघोडी न करणारी आणि शेवटपर्यंत टिकणारी, अशी ही कसोटी आहे. शंभर गुणांच्या तक्त्यापेक्षा ती घरच्या घरी वापरायला सोपी आहे.

लेबल झाकले तर काय होते?

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये ब्रिटिश वाइन व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी एक चाखणी ठेवली. नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर बोर्दो आणि कॅलिफोर्नियाच्या रेड वाइन लेबल झाकून ठेवण्यात आल्या. त्यात मुटॉन रॉथशिल्ड १९७० आणि ओ-ब्रियाँ १९७० या पहिल्या वर्गाच्या वाइन होत्या. पहिली आली ती कॅलिफोर्नियातील स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची वाइन. कॅलिफोर्नियाच्या वाइन लवकर म्हाताऱ्या होतात, बोर्दोचे खरे रूप नंतर दिसेल, असा बचाव तेव्हा झाला. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. तेव्हाही पहिली आली कॅलिफोर्नियाचीच, रिज माँटे बेलो १९७१.

खुद्द बोर्दो विद्यापीठातील प्रयोग याहून बोलका आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन आणि तीच व्हाइट वाइन बेमालूम लाल रंग मिसळून देण्यात आली. लाल दिसणाऱ्या वाइनचे वर्णन त्यांनी रेड वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. नाकाने काय हुंगायचे ते डोळ्यांनी ठरवले होते.

किमतीचाही असाच परिणाम होतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ मध्ये २० जणांना मेंदूचे स्कॅन सुरू असताना कॅबर्ने सोव्हिन्यों चाखायला दिली. एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. महाग सांगितलेली वाइन त्यांना अधिक आवडलीच, शिवाय मेंदूतील सुखद अनुभवाशी निगडित भागही अधिक सक्रिय झाला. म्हणजे हे लोक खोटे बोलत नव्हते. किमतीने त्यांचा अनुभवच बदलला होता.

मग वाइन पारखणे म्हणजे थोतांड आहे का?

असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. टीसीएचा कुबट वास, टॅनिनची घडण, आम्लता, चव टिकण्याचा काळ या गोष्टी खऱ्या आहेत आणि सरावाने त्या अधिक नेमक्या ओळखता येतात. १९७६ च्या परीक्षकांना देश ओळखता आले नाहीत, पण त्यांच्यासमोरच्या कॅलिफोर्नियाच्या वाइनही उत्तम होत्या. त्यांच्या जिभेने दिलेली दाद खोटी नव्हती. कोसळला तो ‘उत्तम म्हणजे फ्रेंचच’ हा समज.

तज्ज्ञांच्या जिभेला मर्यादा मात्र आहेत. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना तीच वाइन नकळत तीनदा देण्यात आली, तेव्हा सुमारे दहा टक्के परीक्षकांनाच तिला सातत्याने एकाच श्रेणीत ठेवता आले. त्यामुळे ९४ आणि ९६ गुणांतील फरकापायी हजारो रुपये जास्त मोजताना हे लक्षात ठेवलेले बरे.

दर्जाच्या शिक्क्यालाही काही अर्थ आहे. वर्गीकृत शातोकडे चांगली जमीन, द्राक्षे निवडून घेण्याइतका पैसा आणि जपायला नाव असते. जी वाइन मुख्य बाटलीसाठी कमी पडते, ती ‘सेकंड वाइन’ म्हणून वेगळ्या नावाने आणि कमी किमतीत विकली जाते. लातूरची ‘ले फोर द लातूर’ आणि मार्गोची ‘पाव्हियाँ रूज’ ही त्याची उदाहरणे. वर्गापेक्षा वर्ष पाहणेही अनेकदा अधिक उपयोगी ठरते. २००५, २००९, २०१० आणि २०१६ ही बोर्दोतील गाजलेली वर्षे. थंड आणि पावसाळी २०१३ मध्ये मोठ्या नावांचीही दमछाक झाली.

भारताशी बोर्दोचे नाते काय?

दुसऱ्या वर्गातील शातो कॉस देस्तुर्नेलचे संस्थापक लुई-गास्पार देस्तुर्नेल एकोणिसाव्या शतकात आपली वाइन थेट भारतात पाठवत. समुद्रप्रवास करून परत आलेल्या बाटल्यांवर ‘भारतातून परत’ अशा अर्थाचा उल्लेख करून त्या मिरवल्या जात. सेंत-एस्तेफ गावातील त्यांच्या तळघरावर आजही आशियाई धाटणीचे मनोरे आहेत आणि देस्तुर्नेल यांना ‘सेंत-एस्तेफचे महाराजा’ म्हटले जाई. कर्जामुळे त्यांना ही मालमत्ता १८५२ मध्ये विकावी लागली. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि आणखी दोन वर्षांनी त्यांच्या वाइनला दुसरा वर्ग मिळाला.

बोर्दोची कॅबर्ने सोव्हिन्यों आता नाशिक परिसरातही पिकते. बोर्दोत द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तर पावसाळा टाळण्यासाठी नाशिकमध्ये ती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. आयात वाइनवर भारताने वर्षानुवर्षे १५० टक्के शुल्क आकारले आहे. त्यात राज्याचे कर आणि हॉटेलचा नफा मिळवला की ग्राहक मोजतो त्या रकमेतील मोठा वाटा ग्लासात उतरतच नाही.

आरोग्याचे काय?

‘रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली’ हा समज १९९० च्या दशकात पसरला. त्यामागील ‘फ्रेंच विरोधाभासा’ची मांडणी करणारे सर्ज रेनो हे संशोधकही बोर्दोतलेच. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नसल्याचे स्पष्ट केले. अल्कोहोल हा कर्करोगकारक घटक म्हणून वर्गीकृत आहे आणि महाग वाइनमधील अल्कोहोलही अल्कोहोलच असते. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकतात तो शिष्टाचार म्हणून नव्हे, तर दिवसाला अनेक वाइन चाखायच्या तर शुद्धीवर राहावे लागते म्हणून. औषध म्हणून वाइन सुरू करण्याचे कोणतेही कारण नाही.

घरी पारख कशी करता येईल?

चार मित्रांनी मिळून पैसे काढायचे आणि एक नाशिकची कॅबर्ने, एक साधी बोर्दो आणि परवडत असेल तर एखादी वर्गीकृत बोर्दो किंवा सेकंड वाइन आणायची. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर क्रमांक टाकायचे. गुंडाळणारा आणि ओतणारा वेगळा असावा. प्रत्येकाने न बोलता चार ओळी लिहायच्या. कडेचा रंग, ओळखीचे दोन वास, तुरटपणा कसा आहे आणि चव किती सेकंद टिकली. मोठ्याने मत मांडले की बाकीचे त्याच्या मागे जातात, म्हणून लिहिणे आधी आणि चर्चा नंतर. कागद काढण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याला आवडलेल्या वाइनसाठी किती रुपये मोजू, हेही लिहायचे.

कागद निघाल्यावर वर्गीकृत वाइन पहिली आली तर तिच्या किमतीतील काही भाग खरोखर ग्लासात होता, असे समजावे. ती तिसरी आली तर लाजण्याचे कारण नाही. मूळ यादीतही दलालांनी भावच लिहिले होते, चव ज्याची त्याने घ्यायची होती.